रुईऐवजी उंबर

पूर्वी गंगेच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या शिलावती नगरात महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच डोंगरावर बोकडाच्या जन्मात राहत होता. बोकड म्हटले की ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे रस्सा उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. त्यांनी तो थोडा वेळ बाजूला ठेवावा. हा बोकड कुणाच्या दावणीचा नव्हता. रंगाने करडा, शिंगे मागे वळलेली, दाढी छातीपर्यंत आलेली, आणि पाठीमागे साठ शेळ्यांचा कळप. कुठल्या कड्यावर पाय ठेवायचा आणि कुठल्या नाही, हे तो आधी स्वतः पाय ठेवून ठरवी आणि मग कळपाला बोलावी. म्हणून त्या कळपातली एकही शेळी कधी कड्यावरून पडली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

त्या डोंगरात शिलावतीची खाण होती. तिथला तांबूस दगड होड्यांत चढून दूरदूरच्या राजधान्यांत जाई. खाणकऱ्यांची रीत अशी, की घणाचे घाव घालून दगड तोडणे त्यांना कमीपणाचे वाटे. ते दगडात एका रेषेत भोके पाडत, भोकांत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी ठोकत, पाचरींवर घडे भरून पाणी ओतत आणि बाजूला होत. लाकूड फुगू लागे, आणि दगड आपल्या वेळेला बरोबर त्या रेषेवर दुभंगे. कधी दोन घटकांत, कधी संध्याकाळी. या मधल्या वेळाला खाणीत ‘दगड पाणी पितोय’ असे म्हणत.

दगड पाणी पीत असला की खालच्या वाटेवर रुईची फांदी रोवून ठेवायची, हा खाणीचा नेम होता. फांदी दिसली की माणूस आल्या पावली परत फिरे. रोवणाऱ्याने स्वतः उपटल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकत नसे. रुईच का, तर डोंगरावर शेळ्या फार, आणि रुईला शेळी तोंड लावत नाही. तिचा चीक एकदा जिभेला लागला की दिवसभर गवत गोड लागत नाही. चार पिढ्या ही साधी फांदी माणसांचे जीव राखत आली होती.

नगराच्या वेशीवर आणखी एक दगड उभा होता. राजाच्या वडिलांनी तो उभारला होता. म्हाताऱ्या राजापुढे जो येई तो म्हणे, माझ्या मनात तसे काही नव्हते. ऐकून ऐकून राजाचे कान किटले, आणि त्याने मनाचा विषयच काढून टाकला. शिळेवर एकच ओळ कोरली गेली: ‘ज्याच्याकडून जीव जाईल, त्याचा जीव जाईल.’ ती अक्षरे कोरली होती सोणक नावाच्या तरुण खाणकऱ्याने. पुढे तोच सोणक खाणीचा मुख्य कारागीर झाला. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी नगरात शिरताना तो त्या शिळेपाशी थांबे आणि बरोबरच्याला म्हणे, “एक अक्षर वाकडं दाखव.” कुणाला दाखवता येत नसे.

आता त्या दिवसाकडे येऊ. बोधिसत्त्व कड्यावर रवंथ करीत बसला होता आणि खाली खाणीत सोणकाचा आवाज चढला होता. राजाच्या नव्या सभागृहासाठी त्याने चार महिने खपून एक खांब घडवला होता. तो गाडीवर चढवून रोहक गाडीवान निघाला. चाक एका धोंड्यावर चढले, खांब सरकला आणि त्याचा कोपरा तुटला. चार महिन्यांची मेहनत एका हिसक्यात वाया गेली. सोणक गाडीपुढे उभा राहून म्हणाला, “तुझ्याच डोक्यात दगड पडेल ना, तेव्हा कळेल तुला.” खाणीत चाळीस माणसे होती. चाळिसांनी ते ऐकले. रोहकाने बैल सोडले, गाडी तिथेच ठेवली आणि मान खाली घालून घराकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवता उगवता बोधिसत्त्व कळप घेऊन खाणीच्या वाटेने उतरत होता. वाटेच्या मधोमध उंबराची एक फांदी रोवलेली होती. उंबराची फांदी उंबराला असते; ती जमिनीतून सरळ वर आलेली त्याने कधी पाहिली नव्हती. त्याच्या मनात आले, ही इथे कशी? पण पाने कोवळी होती आणि पोट रिकामे होते. त्या शंकेला त्याने एका घासाएवढा वेळ दिला आणि फांदी जमिनीपर्यंत कुरतडून खाल्ली. मग तो कळपासह पलीकडच्या उतारावर गेला. थोड्या वेळाने मागून मोठा आवाज आला. असे आवाज खाणीतून महिन्याला दोनचार वेळा येत, म्हणून शेळ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा चाऱ्यात घातल्या. फुटलेल्या दगडाखाली रोहक सापडून मेला होता, हे त्यांना कुठून कळणार.

ते कळले दोन दिवसांनी. गवत कापायला आलेल्या बाया बोलत होत्या. एक म्हणाली, “उद्या दुपारी सोणकाला मारणार. तीन दिवस मुदत होती, कुणी काही सांगायला पुढं आलं नाही.”

दुसरी म्हणाली, “सांगणार काय? म्हणतो रुई लावली होती. लावली तर गेली कुठं? शेळ्या रुई खात नाहीत. लावलीच नव्हती त्यानं. आदल्या दिवशी तोंडानं बोलला आणि सकाळी करून दाखवलं.”

बोधिसत्त्वाचे रवंथ थांबले. वाटेच्या मधोमध उभी असलेली फांदी त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती तिथे कशासाठी होती हेही त्याच क्षणी त्याला उमगले. त्याला फार वाईट वाटले. आपल्या एका न्याहारीवर एक माणूस गेला आणि आता दुसरा चालला, हे त्याला गिळवेना.

कळपात चित्रा नावाची ठिपक्याठिपक्यांची जाणती शेळी होती. तिने त्याचा चेहरा पाहूनच ओळखले. “जाणार आहात ना,” ती म्हणाली. “तुमच्या जातीच्या इतरांना तिकडं दोरी लावून न्यावं लागतं. तुम्ही आपल्या पायांनी चाललात.”

“ती फांदी कुठं गेली, हे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही,” बोधिसत्त्व म्हणाला.

“आणि त्या शिळेवर काय लिहिलंय, तेही तुम्हाला ठाऊक आहे. जीव ज्याच्याकडून गेला, त्याचा जीव. माणूस असो की बोकड, असं कुठं लिहिलंय? फांदी तुम्ही खाल्लीत.”

“म्हणूनच मला जायला हवं. मी गप्प राहिलो, तर माझ्या खाण्याचं देणं एक माणूस मरणानं फेडील.”

सकाळी तो निघाला तेव्हा चित्राही मागोमाग आली, आणि तिच्या मागे आणखी चौघी आल्या. नको म्हटले तरी ऐकेनात.

न्यायाची बैठक वेशीवर, शिळेच्या सावलीत भरली होती. राजा महीसेन तरुण होता. वडिलांचा न्याय कुणाचे तोंड बघत नाही, लाच घेत नाही, सबब ऐकत नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता. एका बाजूला हात बांधलेला सोणक उभा होता. दुसऱ्या बाजूला रोहकाची बायको खेमिका. तिच्या हातात नवऱ्याची पराणी होती, बैल हाकायची. गाडी अजून खाणीतच पडली होती आणि बैल तिने स्वतः दारातून सोडून वेशीपर्यंत हाकत आणले होते, न्याय झाला की गाडी आणायला जाता यावे म्हणून. ती रडत नव्हती.

राजाने शेवटचे विचारले, “सोणका, फांदी लावली होतीस?”

“लावली होती, महाराज.”

“कशाची?”

सोणकाने क्षणभर थांबून म्हटले, “रुईची.”

“ती गेली कुठे? शेळ्यांनी खाल्ली?”

“रुईला शेळी तोंड लावत नाही.”

“मग माणसाने काढली?”

सोणकाने नजर शिळेकडे वळवली. राजा म्हणाला, “तुझ्या मनात काय होतं हे विचारायची माझ्या वडिलांच्या कायद्याला गरज नाही. तरी मी विचारलं, आणि तू खोटं बोलतोस एवढंच मला कळलं.” मग रिवाजाप्रमाणे त्याने जमलेल्यांना विचारले, की कुणाला काही सांगायचे आहे का.

गर्दीच्या पायांमधून वाट काढत बोधिसत्त्व पुढे आला आणि म्हणाला, “महाराज, ती फांदी मी खाल्ली.”

त्या काळी जनावरे बोलत, पण गरजेपुरती, त्यामुळे ती बोलली की माणसे ऐकून घेत. आता बोलणे सगळे माणसांकडे आले आहे आणि ऐकून घ्यायला कुणी उरलेले नाही. ते असो. एक दरबारी तेवढा हसला आणि म्हणाला, “रुई खाणारा बोकड आज पाहिला.”

“रुई खाल्ली असं मी म्हटलं नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “फांदी खाल्ली म्हटलं. ती उंबराची होती. जमिनीच्या आत वीतभर बुडखा राहिला आहे, त्यावर माझे दात उमटलेले असतील. दगडाचा चुरा बाजूला करून पाहावं.”

सोणकाची मान खाली गेली. राजाने घोडेस्वार पिटाळला. खाण दूर नव्हती. स्वार परतला तो मातीच्या ढेकळासकट बुडखा घेऊनच. साल उंबराची होती, वरचे टोक कुरतडलेले होते, आणि त्याखाली पाणी मुरलेल्या मातीत कुणीतरी हाताने नीट दाबून बसवल्याच्या खुणा होत्या. राजाने तो सोणकापुढे धरला. “हे काय आहे?”

सोणक बोलेना. बोधिसत्त्व त्याच्याकडे पाहत होता. या माणसाचे कुठे अडले आहे हे त्याला समजत होते, कारण साठ शेळ्यांतली एकही पडली नाही हा अभिमान त्याच्याही छातीत होता. उद्या एखादी त्याच्या चुकीने पडली, तर ते कळपापुढे सांगताना त्याचीही जीभ अशीच जड होणार होती. तो हलकेच म्हणाला, “सोणका, तुझा दगड रेषेवरच फुटला. मी आवाज ऐकला आहे. दगडात काही चूक नव्हती.”

तेवढ्याने सोणकाचा बांध फुटला. “उंबर आहे, महाराज,” तो म्हणाला. “रुई खाली ओढ्यापाशी होती. उतरून परत चढायला दोन घटका लागतात. डोक्यात राग होता, तो तुटलेला कोपरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. वर उंबर लोंबत होतं. मोडलं आणि रोवलं. म्हटलं, इतक्या सकाळी कोण येतंय. मरायला मी तयार होतो, महाराज. पण तीस वर्षं खाणीत घालवलेल्या सोणकानं रुईऐवजी उंबर लावलं, हे या चाळीस जणांपुढे माझ्या तोंडून निघत नव्हतं. खुनी म्हणवून घेणं सोपं वाटलं.”

चाळीस खाणकरी तिथे उभे होते. त्यांच्यातल्या कुणी हसले नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी ओढ्यापर्यंत उतरायचा कंटाळा केला होता.

राजाने शिळेकडे पाहिले. मग म्हणाला, “मी आता काय करू? शिळा म्हणते, ज्याच्याकडून जीव गेला त्याचा जीव. सोणकाकडून गेला. आणि बोकडा, तुझ्याकडूनही गेला.”

“ते धरूनच मी आलो आहे,” बोधिसत्त्व म्हणाला. “माझ्यापुरतं सांगतो. ती फांदी कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. पण शंका आली होती. एका घासाएवढा वेळ आली आणि मी तो घास घेतला. माझी चूक केवढी, हे आपण ठरवा. मी ती आहे तेवढीच सांगतो. कमी नाही आणि जास्तही नाही.”

राजा त्याच्याकडे नवलाने बघू लागला. न्यायासनापुढे आपली चूक इतकी मापून सांगणारा त्याला माणसांत भेटला नव्हता.

बोधिसत्त्व पुढे म्हणाला, “महाराज, ही शिळा एकच गोष्ट विचारते, कुणाच्या हातून झालं. ते विचारायलाच हवं. पण तिथेच ती थांबते. त्या हातामागं मन कसं होतं, हे ती विचारत नाही. आणि ही बाई इथे उभी आहे, तिचं जे गेलं ते कोण भरून देणार, हेही विचारत नाही. सोणकाचं डोकं गेलं म्हणून हिची गाडी खाणीतून आपोआप घरी येणार आहे का?”

“मन विचारलं की सगळ्यांचीच मनं स्वच्छ निघतात,” राजा जरा तडकून म्हणाला. “माझ्या वडिलांनी ते उगाच बंद केलं नाही.”

“तोंडाला विचारलं तर स्वच्छच निघतील. हाताला विचारावं. ज्याला मारायचं असतं तो वाटेवर फांदी लावत नाही, चुकीचीसुद्धा लावत नाही. आणि जो आपलं काम जपतो, तो चुकीची फांदी लावत नाही. हा बुडखा बघा. तो मातीत नीट बसवलेला आहे, म्हणजे सोणकाला कुणी मरायला नको होतं. आणि तो उंबराचा आहे, म्हणजे कुणी मरू नये म्हणून जेवढं करायला हवं तेवढं त्यानं केलं नाही. दोन्ही गोष्टी या वीतभर लाकडात आहेत. सोणक यातली एकही बोलला नव्हता.”

राजाने बुडखा पुन्हा हातात घेतला, फिरवून पाहिला. मग तो खेमिकेकडे वळला. “बाई, तुझं माणूस गेलं आहे. तुला काय हवं?”

खेमिका पुढे आली. “महाराज, माझा सासराही याच खाणीत गेला,” ती म्हणाली. “त्या वेळी सगळे म्हणाले, दगड आपोआप पडला. कुणाचं नाव निघालं असतं तर त्याचा जीव गेला असता, म्हणून कुणाचंच निघालं नाही. आणि कुणाचं काही चुकलंच नव्हतं, म्हणून सासूला काही मिळालंही नाही. तिनं मरेपर्यंत दुसऱ्यांचं दळलं. मला सोणकाचं डोकं नको. ते घेऊन मी काय करू? बैल इथं उभे आहेत, ते हाकायला माणूस हवं.”

मग ती सोणकाकडे वळून म्हणाली, “आणि दुसरं सांगते. तीन दिवस गाव म्हणतंय, रोहक आंधळ्यासारखा दगडाखाली गेला. तो आंधळा नव्हता. पंधरा वर्षं त्या वाटेनं गाडी हाकली त्यानं. फांदी दिसली असती तर तो थांबला असता. त्या दिवशी तो लवकर गेला, कारण तुझ्या खांबाचा कोपरा त्याच्याही मनातून जात नव्हता. चूक झाली म्हणायला गेला होता तो तुझ्याकडं. हे सगळ्यांपुढं म्हण, की त्याचं काही चुकलं नाही.”

सोणकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हात बांधलेले होते, म्हणून त्याला ते पुसताही येईना. तो चाळीस जणांकडे तोंड करून, खाणीत हाक मारावी तशा मोठ्या आवाजात म्हणाला, “रोहकाचं काही चुकलं नाही. त्याच्या वाटेवर खूण नव्हती. खूण लावायचं काम माझं होतं, आणि मी उंबर लावलं.”

खेमिकेने पराणी जमिनीवर टेकली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिने कशाचा तरी आधार घेतला. पण मान ताठ होती.

मग राजाने निवाडा दिला. सोणकाच्या मनात मारायचे नव्हते, म्हणून त्याचा जीव घ्यायचा नाही. पण हयगय त्याची होती, आणि ज्याला सगळे कळते त्याची हयगय लहान मानता येत नाही, म्हणून एक वर्ष त्याने पाचरीला हात लावायचा नाही. रोज ओढ्यावर उतरायचे आणि सगळ्या खाणीला पुरेल एवढी रुई डोक्यावरून वर आणायची. ही झाली शिक्षा. खेमिकेचे जे गेले त्याचे माप वेगळे. रोहकाची गाडी सोणकाने हाकायची, येईल ते सगळे खेमिकेच्या घरी द्यायचे, आणि ती पुरे म्हणेपर्यंत हे चालू ठेवायचे. बोकडाने फांदीचा अर्थ लावावा अशी अपेक्षा कुणी धरू शकत नाही, म्हणून त्याला काहीही शिक्षा नाही.

“शिक्षा नाही, हे मान्य,” बोधिसत्त्व म्हणाला. “पण हिच्या घरात जी उणीव पडली, तिच्यात माझाही घास आहे. तेवढं मला भरू द्यावं.” तो मागे वळून पाहू लागला, कारण दूध काही त्याच्याकडे नव्हते.

चित्रेने सुस्कारा टाकला. “खायचं यांनी आणि भरायचं आम्ही,” ती म्हणाली. पण सगळ्यांत आधी तीच खेमिकेच्या बैलांशेजारी जाऊन उभी राहिली, आणि बाकीच्या चौघी तिच्यामागे गेल्या. त्या पाच शेळ्या खेमिकेच्या अंगणात राहिल्या. बोधिसत्त्व रोज सकाळी त्यांना चरायला न्यायला येई आणि संध्याकाळी दारापर्यंत आणून सोडी. एक दिवसही चुकला नाही.

सोणकाचे हात सोडले. सगळ्यांच्या देखत तो त्या वेशीपासून बैल हाकत खाणीकडे निघाला. तीस वर्षे जो गाडीवानांवर ओरडला होता, तो आता पराणी हातात घेऊन चालत होता, आणि लोकांना वाटले तशी त्याची मान खाली नव्हती. खुनी म्हणून मरण्यापेक्षा चुकलेला म्हणून जगणे अवघड आहे, आणि ते तो करून दाखवणार होता. खाणीतल्या पोरांनी सुरुवातीला थट्टा केली. पण सोणकाने वर्षभरात एकाही गाडीवरचा एकही कोपरा तुटू दिला नाही, तेव्हा तीही थांबली.

वर्ष सरले तेव्हा राजाने त्याला बोलावले आणि वेशीवर नवी शिळा कोरायला सांगितले. वडिलांची शिळा मात्र त्याने काढू दिली नाही. वडिलांनी खोटे थांबवण्यासाठी ती उभारली होती, तिने ते थांबले नाही, हे दोन्ही लोकांना दिसत राहावे म्हणून ती तशीच राहिली. नव्या शिळेसाठी दगड कुठला घ्यायचा, हे सोणकाला विचारावे लागले नाही. कोपरा तुटलेला तो खांब खाणीच्या कडेला पडून होता. त्याने तोच गाडीवर चढवला, स्वतः हाकत आणला, आणि वेशीवर उभा करून त्यावर कोरले: ‘हात कुणाचा, हे विचारा. मग मन कसे होते, हे विचारा. मग ज्याचे गेले, त्याला विचारा.’ वर, ठळक दिसेल असे, त्याने रुईचे एक पान कोरले. तुटका कोपरा त्याने तसाच ठेवला.

पुढे नव्या माणसाला खाण दाखवायला नेताना शिलावतीचे लोक आधी त्या खांबापाशी थांबत. ते म्हणत, “अक्षरं आमच्या सोणकानं कोरली. एक वाकडं दाखवा.” मग तो तुटका कोपरा दाखवून, रुईऐवजी उंबर कसे लागले तेही सगळे सांगत, आणि ते सांगतानाही त्यांचा आवाज तेवढाच ताठ असे. त्या खाणीत त्यानंतर दगडाखाली कुणी सापडले नाही असे मी म्हणणार नाही. पण ‘आपोआप पडला’ असे कुणी म्हटले नाही.

शास्त्याने, भिक्षूंच्या गुरूने, ही कथा सांगितली ती विहारात दोन भिक्षू भांडत होते म्हणून. कप्पिल नावाच्या भिक्षूने शिडी भिंतीला नीट न टेकवता ठेवली होती, आणि तिच्यावरून पडून दुसऱ्याचा पाय मोडला. कप्पिल म्हणे, माझे मन निर्मळ होते, मला दोष लागत नाही. दुसरा म्हणे, माझा पाय मोडला म्हणजे तू पापीच. कथा संपल्यावर कप्पिल उठला, पाणी तापवायला गेला, आणि पाय बरा होईपर्यंत त्या भिक्षूची सेवा त्याने दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

शास्त्याने जन्मांची गाठ अशी जोडून दिली: “तेव्हाचा सोणक म्हणजे आताचा कप्पिल. रोहक म्हणजे तो, ज्याचा पाय मोडला. महीसेन राजा म्हणजे तुमचा तो कडक शिस्तीचा वृद्ध स्थविर, जो आत्ता माझ्याकडे रागाने बघतो आहे. खेमिका आता भिक्षुणी संघात आहे आणि अजूनही मान खाली घालत नाही. चित्रा म्हणजे रोज आपल्याला दूध देणारी आणि रोज कुरकुर करणारी ती उपासिका. आणि करडा बोकड मी होतो. त्या जन्मात मला फार काही येत नव्हते. पण आपल्या चुकीचे माप मी स्वतः सांगितले, ते कमी केले नाही आणि वाढवलेही नाही. ती माझी सत्यपारमिता.”